बार्टली हेशनने परत आणलेला चषक

बार्टली हेशन आमच्या गोर्टमोरचा पोस्टमन. टपालाची पिशवी तो रोज संध्याकाळी खांद्यावरून उतरवी. फेलिम कफ या माणसावरचा राग मात्र त्याने एकतीस वर्षांत एकदाही उतरवला नाही.

राग खोटा नव्हता. सत्तावन्न साली आम्ही नदीपलीकडच्या किलमोरनला हरवून अठरा वर्षांखालच्या पोरांचा हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, काउंटी चषक जिंकला. बार्टली कप्तान, मी बचावाला. किलमोरनचा चिटणीस फेलिम. त्याने आमच्या खेळाडूंची यादी उजेडात धरून पाहिली आणि कमिटीला कळवलं, की कागदावर आयरिश गिरणीचा छाप नाही, कागद इंग्लंडचा आहे. यादी आयरिश कागदावरच हवी, असा नियम होताच. तो कागद बार्टलीच्या आईने दुकानातून आणला होता. चषक गेला, आणि ती माउली मरेपर्यंत गावात मान वर करून चालली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा क्षमेच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत.

गेल्या वर्षी पुन्हा तीच गाठ पडली. बार्टलीने तयार केलेली आमची पोरं उन्हाळाभर जिंकत अंतिम सामन्याला पोचली आणि किलमोरनकडून एका गुणाने हरली. शेवटचा गुण मारला त्यांच्या सोळा वर्षांच्या कॉर्मॅक स्कॅहिलने. असा खेळाडू काउंटीत दुसरा नाही.

म्हातारा फेलिम काठी टेकत आला. "काय रे बार्टली, या खेपेला कागद तरी धड होता ना?"

बार्टली नुसता हसला. तेव्हाच मी ओळखलं, याने काहीतरी राखून ठेवलंय.

होतंच तसं. ज्या चर्चच्या हद्दीत पोरगा राहतो, त्याच हद्दीकडून त्याने खेळायचं, हा आमचा जुना नियम. कॉर्मॅकची विधवा आई मे महिन्यापासून त्याला घेऊन पुलाच्या अलीकडे, आमच्या हद्दीत, भाड्याने राहत होती. तिचं टपाल बार्टलीच टाकत होता. सगळा मोसम तो तोंड मिटून बसला.

"निदान पोराला आधी सांगायचंस," मी म्हटलं.

"माझ्या आईला कुणी सांगितलं होतं?"

तक्रारीसाठी आयरिश छापाचा कागद मीच आणून दिला.

कमिटीने चषक आम्हाला दिला. फेलिमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बार्टली चषक घेऊन आईच्या थडग्यापाशी गेला आणि ढसाढसा रडला.

किलमोरनमध्ये शिव्या पडल्या त्या पोराला. त्याच्यामुळे चषक गेला म्हणून सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले.

यंदा मार्चमध्ये सराव सुरू झाला, तेव्हा कॉर्मॅक हर्लिंगची काठी घेऊन आमच्या मैदानावर आला. बार्टलीचा चेहरा खुलला.

"ये रे बाळा! आता आपल्याला कोण अडवतंय!"

"मी तुमचा, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?"

"हो तर!"

"मग झालं. मला दुसरीकडे खेळता येत नाही. आणि इथे मी खेळणार नाही."

तो कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला. दर मंगळवारी, दर गुरुवारी येतो आणि तिथेच बसतो, मांडीवर काठी आडवी घेऊन. आमची पोरं खाली मान घालून खेळतात. पहिल्याच फेरीत नऊ गुणांनी हरलो.

काल बार्टली टोपी काढून त्याच्यासमोर उभा राहिला. "काय करू सांग, म्हणजे खेळशील?"

पोराने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही किती वर्षं थांबलात?"

"एकतीस."

"माझं आत्ता कुठे पहिलं चाललंय."