मावशीचे खोटे फोन

माझी मावशी रोज दुपारी जेवण आटोपलं की फोन घेऊन बसते आणि पोटभर खोटं बोलते. कधी ती चष्मा हरवलेली प्रवासी असते, कधी गरम पाण्यावरून भांडणारी पाहुणी. पलीकडे तिच्या इंग्रजीच्या वर्गातलं कुणीतरी आपापल्या कामाच्या ठिकाणी घाम पुसत उत्तर देत असतं.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत ती संध्याकाळी नोकरदार माणसांना इंग्रजी शिकवते. वर्गात सगळे पोपट. खरा फोन आला की दातखिळी. म्हणून हे नाटक. "कोरड्या जमिनीवर हातपाय मारून कुणी पोहायला शिकतं का? ढकलावंच लागतं," ती म्हणते.

"ढकल. पण एखादा बुडाला तर काढायला तूच उतर," काका पेपरातून मान वर न करता म्हणतात.

या धंद्यात ज्याला काहीच येत नाही तो कंटाळून जातो आणि ज्याला येऊ लागतं तो चांगली नोकरी धरून जातो. मावशीच्या नशिबी दोन्हीकडून निरोपच.

मौनीताई या दोन्हींत बसेना. हे नाव वर्गानं ठेवलेलं, कारण ती तोंडच उघडत नसे. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यासमोर एक लॉज आहे. तिथं ती खोल्या झाडायची, चादरी बदलायची. मग कंबर गेली. मॅनेजर म्हणाले, "ताई, काउंटरवर बसा. पण इथं चारी दिशांचे पेशंट येतात, फोन इंग्रजीतच घ्यावा लागतो. महिनाभर बघू. जमलं तर जागा तुमची. नाही तर माझाही नाइलाज आहे."

मावशीचे पहिले काही फोन तिनं नुसते ठेवून दिले. मग एकदा हळूच मराठीत म्हणाली, "बाई, ओळखला हं तुमचा आवाज."

"मी कुणी बाई नाही. मला गरम पाणी हवंय," मावशी इंग्रजीत ओरडली.

पण त्या दिवसापासून मौनीताईची भीड चेपली. पलीकडे आपल्याच बाई आहेत म्हटल्यावर ती उत्तरं देऊ लागली, घासाघीस करू लागली, वर टोमणेही मारू लागली. मावशी घरभर सांगत सुटली, दगडाला पाझर फुटला म्हणून.

एका संध्याकाळी मौनीताई वर्गात आली तीच हसत. "बाई, आज म्हातारीचा आवाज काय झकास काढलात."

मावशीचा गाल भज्यासारखा सुजला होता. तिनं रुमालाआडून विचारलं, "कधी?"

"दुपारी."

"दुपारी मी दाताच्या डॉक्टरपुढे तोंड वासून बसले होते."

"म्हणजे ती खरीच म्हातारी होती?" मौनीताईनं विचारलं.

"काय बोललीस तू तिला?"

"तळमजल्यावरची खोली मागत होती. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याला जिना दिसत नाही म्हणाली. मी म्हटलं, देते. खरं तर तळमजला भरलाय, बाई. पण तुम्ही थोड्याच राहायला येणार होतात? वर म्हटलं, काल चष्मा हरवलात, आज नवरा आणलात, उद्या काय उंट आणणार?"

वर्ग खो खो हसला. मावशी हसली नाही. "केव्हा येतायत?"

"उद्या सकाळी. गेली माझी जागा."

सकाळी मीच मावशीला स्कूटरवरून लॉजवर सोडलं, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. मॅनेजरपुढे सगळा दोष स्वतःवर घ्यायचा, असं ती ठरवून आली होती. पण आम्ही आत शिरतोय तोवर नवऱ्याचा दंड धरून त्या आजी दारात हजर. मॅनेजर बाहेर आले. "तळमजल्यावरची? ती कुणी कबूल केली?"

मावशी पुढे झाली. मौनीताई म्हणाली, "बाई, तुम्ही बसा."

मग ती इंग्रजीत बोलू लागली. अडखळत, शब्द शोधत. "खोली नाही. चूक माझी. मला वाटलं, फोन माझ्या शिक्षिकेचा आहे. त्या रोज खोटे फोन करतात. या बसल्यात, त्याच."

आजींनी मावशीचा सुजलेला गाल निरखला. "म्हणजे उंट यांच्यासाठी होता?"

"हो."

आजोबांना हसू आवरेना. "मी हिला म्हटलं होतं, नंबर चुकलाय."

आजी मात्र हसल्या नाहीत. "ते ठीक आहे. मला खोली हवी."

मॅनेजरनी रजिस्टर ओढलं. मौनीताई काउंटरमागून निघाली, कंबरेवर हात ठेवून तळमजल्यावरच्या एका दारापाशी गेली आणि टकटक केलं. आत औषध कंपनीचा एक फिरता विक्रेता होता, दाढीला साबण लावलेला. त्यालाही आपली भाषा येत नव्हती. तिनं त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं: आजोबा, डोळा, जिना. तो कुरकुरला, सामान पसरलंय म्हणाला.

"सामान आम्ही नेतो. तुम्ही दोन दोन पायऱ्या एकदम चढता, मी रोज बघते. ते एकही चढू शकत नाहीत."

त्यानं साबणाच्या तोंडानंच आजोबांकडे पाहिलं आणि बॅग बाहेर काढली.

मॅनेजरनी रजिस्टरात खोल्या बदलून लिहिल्या. मग म्हणाले, "ताई, महिना भरायची वाट कशाला बघायची? बसा तिथंच. कायमच्या. पण न विचारता पुन्हा कुणाला तळमजला देऊ नका." मग मावशीकडे वळले. "आणि तुम्ही फोन बंद करा, बाई. लाइन अडते."

मौनीताईनं वाकता येईना तरी मावशीला वाकून नमस्कार केला. मावशीनं तिला अर्ध्यातच धरलं. "कंबर सांभाळ गं. आता ती सारखी बसून दुखेल."

परतीच्या वाटेवर मावशी गालाला रुमाल लावून बसली होती. मला वाटलं, दात ठणकत असेल.

"आता ही काही वर्गाला यायची नाही," सिग्नलला थांबल्यावर ती मागून म्हणाली, पण आवाज असा, जणू नातीचं लग्न जमलंय. मग माझ्या पाठीवर बोट टोचलं. "काय रे, तुझ्या ऑफिसात फोनला घाबरणारं कुणी आहे का? माझी दुपार मोकळी झालीय."