समुद्रतळाचा तुकडा

कोराडीच्या बसमध्ये पन्नाशीची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर टॉवेलात पांढरा, फांद्याफांद्यांचा एक तुकडा होता. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी त्याला सावरायची.

समोरचा माणूस म्हणाला, "बाई, दगड खाली ठेवा न. काहून एवढं जपून राहिल्या?"

ती उसळलीच. "दगड नाही गा, पोवळं हाय हे! उजेड पोचत नाही अशा थंड, खोल समुद्रातलं. जुनं मरते, त्याच्यावर नवं वाढते, फांद्यांत गाळ अडकते. लाखो वर्षं असं झालं, तवा तिथं टेकडी उभी राहिली. मासे तिच्या आसऱ्यानं राहत. एका मासेमारी बोटीच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यानं एका दुपारी सारी मोडली. माहा भाऊ त्याच बोटीवर होता. हा तुकडा घेऊन आला, अन् पुन्हा बोटीवर गेला नाही."

"पण नागपुरात समुद्र कुठं हाय?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

ती माझ्याकडे वळली. "तुमी तर शिकलेले दिसता. तुमाले काहून हसू आलं?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. ती उठली आणि कोराडीपर्यंत दाराशी उभी राहिली.

ते हसू आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.