लागर, एल अन् मोडलेलं स्थळ

आता कोणत्या तोंडानं सांगू हो तुम्हाले! पण चहा आला आहे, अन् तुम्हीही काही सोडाचे नाही. तर ऐका, पण हसू नका. हसालच म्हणा.

माझं वय चौतीस. सात एकर ओलिताची जमीन, दोन म्हशी, रंगरूप बरं. तरी सहा वर्षांपासून एकच निरोप येते, "मुलगा चांगला आहे, पण शेती करतो." अरे, मंग काय विमान चालवू? जेवता काय तुम्ही, विमान?

माझ्या बायोडाट्यात एकच शब्द वजनदार होता, 'निर्व्यसनी'. खरंच सांगतो, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही मी.

तर गेल्या उन्हाळ्यात लोणारचं स्थळ आलं. पोरीचं नाव वैशाली. शिकलेली, बी.एस्सी. केमिस्ट्री. अन् नोकरी कुठं? संभाजीनगरले, बिअरच्या कंपनीत, प्रयोगशाळेत! विशेष म्हणजे मी शेतकरी आहे हे माहीत असूनही त्यांनी रविवारी बोलावलं. माय तर देवापुढं रडलीच.

आता माझी अक्कल पाहा. आधीच्या एका पोरीनं मले विचारलं होतं, "माझ्या कामातलं तुम्हाला काय कळतं?" मी बसलो होतो छताकडे पाहत. यावेळी म्हटलं, तयारी करूनच जाऊ!

माझा दोस्त गजू या विषयातला जुना जाणकार. त्याले गाठलं.

"गज्या, बिअरचे प्रकार किती असतात बे?"

"दोन. माईल्ड अन् स्ट्राँग. तुले कायले पाहिजे?"

"मले समजून घ्याचं आहे."

"मंग घरी बसून काय समजीन? पोहणं शिकाचं तर हिरीत उतरा लागते!"

अन् मी उतरलो. फाट्यावरच्या बारमध्ये, भर दुपारी, वही-पेन घेऊन! वेटरले विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं प्रकार कोणते?"

"दोन. थंडी, अन् लाईट गेल्यावरची."

शेवटी मोबाईललेच शरण गेलो. तीन दुपारी तिथं बसून व्हिडिओ पाहिले. लागर, एल, स्टाऊट, गव्हाची बिअर. कोणती थंड जागेत आंबवतात, कोणतीत खमीर, म्हणजे यीस्ट, कुठं राह्यते, काळी कशी होते, सगळं वहीत उतरवलं. समोर गजूच्या बाटल्या, मधात माझी वही. दहावीले एवढा अभ्यास केला असता तर आज तहसीलदार असतो!

प्यालो किती म्हणाल, तर एक घोट. काडेकिराईतासारखा कडू बरं! तोही कुंडीत थुकला.

तिसऱ्या दिवशी गजू उठून बाहेर गेला. बाजूच्या टेबलावर एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ शेवभाजी खात होते. माझ्या वहीकडे पाहून म्हणाले, "पाहुणे, अभ्यास दांडगा दिसतो."

मले तेवढंच पाहिजे होतं. म्हटलं, चला, रविवारची रंगीत तालीम होऊन जाऊ दे! "हाव ना! हे पाहा काका, लागरमधी खमीर वर येते, एलमधी खाली बसते. लोकं नुसती ढोसतात, फरक कोणाले समजते?"

"केव्हापासून आवड आहे?"

तीन दिवसांपासून म्हणलो असतो तर इज्जत राहिली असती का? "लहानपणापासून!"

"अरे वा. घरी माहीत आहे?"

"माय मुसळ घेऊन मागं लागीन!"

"आणि लग्नानंतर?"

"लग्नानंतर तर मज्जाच आहे, काका. रोज संध्याकाळी मी अन् बायको, अन् हाच विषय!"

ते हात धुऊन आले, मले नमस्कार केला अन् गेले. मी मनात म्हटलं, जमलं बे आपल्याले!

रविवारी लोणारले पोचलो. मी, माय अन् मोठे काका. आत पाय टाकला, तर पंख्याखालच्या दिवाणावर कोण? तेच पांढरे शर्टवाले! पोरीचा सख्खा मामा!

आपल्याकडं पोरगी द्याच्या आधी पोरीचा मामा गुपचूप पोराच्या गावात चक्कर मारते, पानटपरीवर चौकशी करते. हे शेंबड्या पोरालेही माहीत आहे. मलेच कसं सुचलं नाही हो? टपरीवाल्यानं इमानदारीत सांगतलं होतं, "तो? तीन दिवसांपासून बारमध्ये भेटते."

मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय, आज वही आणली नाही?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर आठवली की अजूनही घास उतरत नाही.

मी मामांपुढं हात जोडले. "काका, शेगावच्या महाराजांची शपथ, मी पीत नाही! एक घोट घेतला, तोही कुंडीत थुकला!"

"असं सगळेच म्हणतात," मामा म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वैशालीकडं वळलो. "मॅडम, तुमच्या कामातलं दोन शब्द समजावं, एवढ्यासाठीच गेलतो."

तिनं ट्रे खाली ठेवला. हळूच म्हणाली, "अहो, मी दिवसभर त्याच वासात असते. ओढणीलासुद्धा येतो तो वास. शेतकरी नको म्हणून घरात सगळे अडून बसले होते. तुमच्या बायोडाट्यात निर्व्यसनी वाचलं आणि मीच हट्ट धरला. घरी तरी त्या वासाचा माणूस नको, एवढंच मागणं होतं माझं."

धरणी फाटाले पाहिजे होती, पण लोणारले ते काम उल्केनं आधीच केलेलं!

आम्ही उठलो. मायनं पदर डोळ्याले लावला. दारात चपला घालून राह्यलो होतो, तर वैशाली मागं आली. म्हटलं, पोरीनं मन बदललं वाटते.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "मामांना तुम्ही उलटं सांगितलं. लागरचं खमीर तळाशी बसतं. वर येतं ते एलचं."

अन् दार लावून घेतलं.

न पिता बेवडा ठरलो, तेही एकवेळ सोसलं असतं हो. पण तिच्या लेखी बेवडा तो बेवडा, वरून अडाणी बेवडा!