मैनामावशीची बोटं

मैनामावशी रोज सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या पातेल्याला मधल्या बोटाची पाठ लावायची. क्षणभरच. मग सुनेला सांगायची, "थांब अजून," किंवा "उतरव." शितल लग्न होऊन मसोलीच्या या घरात आली तेव्हा तिला वाटलं, सासू आपल्यावर नजर ठेवतेय. मग कळलं, हा तिच्या कामाचाच भाग आहे. "बोटं जागी करून घेते," मावशी म्हणायची आणि पुढच्या खोलीत जाऊन बसायची.

ती जुन्या व्हिडिओ गेमच्या आतले चिपांचे बोर्ड दुरुस्त करायची. नाणं टाकून उभ्याने खेळायचे ते कपाटाएवढे गेम. तिचा नवरा काळू तीस वर्षांपूर्वी तलासरीत असे चार गेम चालवायचा. बोर्ड मुंबईच्या भंगारातून यायचे. सोबत कागद नाही, नकाशा नाही. कुणी नक्कल करू नये म्हणून चिपांवरची नावंसुद्धा घासून टाकलेली. बिघाड झाला की काळू चिडून बोर्ड आपटायचा. मावशी मात्र चालत्या बोर्डवर बोट फिरवत बसायची. कुठली चिप तापते, कुठली गारच राहते, हे तिने पाठ केलं आणि पुढे तेवढ्यावर आजारी बोर्डाचं दुखणं ओळखू लागली.

चिपांना नावं नव्हती, म्हणून तिने ठेवली. लगेच तापणारा तो हाल्या, तिचा दीर. नुसती जागा अडवणारा तो पांड्या, शेजारी. शुक्री बिघडली की पडद्यावरची सगळी विमानं हिरवी व्हायची. खरी शुक्री, तिची नणंद, हे ऐकून दोन महिने तिच्याशी बोलली नव्हती.

काळू वारला, दुकान बंद झालं, पण वापी-सुरतेहून माणसं बोर्ड घेऊन येतच राहिली. मुलगा बोटीवर, सून कोसबाडला बालवाडीत. घरात दिवसभर मावशी आणि तिचे बोर्ड.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी पाण्याला आधण आलं होतं. मावशीने बोट लावलं.

"थांब. कोमटच आहे."

शितलने उकळत्या पाण्याकडे पाहिलं, मग सासूकडे. मावशीने बोट काढलं नव्हतं.

शितलनेच तिचा हात ओढला. संध्याकाळी बोटावर फोड आला, आणि तो दुखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखर फार दिवसांची आहे, बोटांच्या नसा गेल्यात. गरम आणि करंट, दोन्हींपासून लांब राहायचं. परतताना शितलने स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर विकत घेतला, करंट असला की आत दिवा लागणारा.

"आता या पेचकसाला विचारून काम करू?" मावशी म्हणाली. तिने तो खिळ्याला अडकवला. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं."

त्यानंतर दोन बोर्ड तसेच परत गेले. चिप मिळत नाही, असं तिने सांगितलं. एक दिवस हाल्या दारात येऊन हसला, "वहिनी, तुला हल्ली हाल्या सापडत नाही म्हणे? मी तर इथेच आहे!" अंगणातले सगळे हसले. मावशी सगळ्यांच्या नंतर हसली. रात्री ती शितलला म्हणाली, "तिसरा परत गेला, तर माझ्याकडे पुन्हा कुणी येणार नाही."

तिसरा आणला धर्मेशने. तलासरीजवळ हायवेवर, बसेस थांबतात तिथे, त्याचं हॉटेल उघडणार होतं. एका कोपऱ्यात त्याला जुने गेम ठेवायचे होते. त्याने बोर्ड आणला, सोबत जुन्या टीव्हीसारखा जड पडदाही. "मावशी, रविवारे उद्घाटन छे. तुमच्याशिवाय कोण करणार?"

दोन दिवस मावशी बोर्ड पुढ्यात घेऊन बसली. तिसऱ्या दुपारी शितल लवकर घरी आली, तर मावशी बोर्डवर वाकलेली. ती चिपांना खालचा ओठ लावत होती. एकीनंतर एक.

"आई!"

"ओठाला कळतं अजून." ओठ एका बाजूने लाल झाला होता. "शुक्रीच आहे मेली."

तिने चिप बदलली. बोर्ड बरा झाला. राहिला फक्त पडदा.

अशा जुन्या पडद्याच्या लोखंडी सांगाड्यात, पिन उलटी बसली, तर घरातला करंट थेट उतरतो. इकडचे जुने कारागीर आधी बोटाची पाठ लावून बघतात. झिणझिण्या आल्या की हात मागे घेतात. मावशीही आयुष्यभर हेच करत आली होती. पण सांगाड्याला काही ओठ लावता येत नाही.

शनिवारी दुपारी धर्मेश गेम न्यायला आला. पुढचं त्यानेच नंतर शितलला सांगितलं. पडद्यावर चित्र तिरकं येत होतं. मावशी सांगाडा वळवायला उठली. त्याने विचारलं, "करंट तो नथी ने, मावशी?" तिने खिळ्यावरच्या टेस्टरकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे. बोटाची पाठ सांगाड्याला लावली. थोडा वेळ लावून ठेवली.

"नाही," ती म्हणाली. एका हाताने तिने सांगाडा घट्ट धरला आणि जोर लावायला दुसऱ्या हाताने खिडकीचा गज.

धर्मेशने पिन ओढेपर्यंत उशीर झाला होता.

ते "नाही" शितल कुणाला सांगत नाही. विचारलं, तर ती त्या शनिवारच्या सकाळचं सांगते. ती चपला घालत होती. दारातूनच म्हणाली, "आई, मी येईपर्यंत पडद्याला हात लावायचा नाही. हो म्हणा."

मावशी पदराने चष्मा पुसत होती.

"रिक्षा सुटेल तुझी," ती म्हणाली. "आणि येताना लिंबं आण. बारकी बघ, मोठ्यांत नुसती सालच असते."