चुंबकाची परीक्षा

"लाव. सगळ्यांसमोर लाव," डायरेक्टर म्हणाले आणि चुंबक माझ्यापुढे सरकवलं.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इंजिनिअर. धातूशास्त्र शिकलेली, आमच्या बौद्धवाड्यातली पहिलीच. डिस्टिलरीतून जे कढत, आंबट सांडपाणी निघतं, त्याचा पाइप बदलायचा होता. मी म्हणत होते, ह्या पाण्यात आम्ल आहे, क्षार आहेत. साध्या स्टेनलेसला ते आतून बारीक छिद्रं पाडतं. मॉलिब्डेनम घातलेलं स्टेनलेस घ्या, ते टिकतं.

मी साध्या स्टेनलेसच्या नमुन्याला चुंबक लावलं. चिकटलं नाही. घसरून खाली पडलं. सगळे हसले.

"चिकटत न्हाई म्हंजी चांगलं स्टेनलेस. कोट्यातली डिग्री चुंबकापेक्षा हुशार असती व्हय?" डायरेक्टर म्हणाले.

अहो, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. त्यातला फरक चुंबकाला कळतच नाही. एवढंच बोलायचं होतं. घशात अडकलं. मी वाकून चुंबक उचललं, पुसलं, त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "टेबलावर ठेव."

ठेवलं. दुसरं काय करणार होते?

साधाच पाइप बसला. हंगाम संपायच्या आत फुटला. खाली आमचे वेल्डर किसनमामा काम करत होते, पाथर्डीकडचे, आईबापाचा जन्म ऊसतोडीत गेलेला. त्यांचे दोन्ही हात भाजले. आणि वर ठपका त्यांच्यावरच. म्हणे जोड कच्चा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. चीफ इंजिनिअरनी मला बजावलं, सरकारकडून तपासणीला साहेब येतील, त्यांना हेच सांगायचं.

मी दवाखान्यात गेले. मामा हळू आवाजात म्हणाले, "ताई, म्हना माझीच चूक हाय. मी कुटंबी राबंल. तुमी लई शिकल्या, तुमी नका बुडू."

मला रडू फुटलं. रागाचं. भाजला हा माणूस, आणि वाचवत होता मला.

तपासणीला आलेल्या साहेबांना मी फुटका पाइप दाखवला. छिद्रं जोडापासून वीतभर लांब होती. म्हटलं, वेल्डिंग पक्कं आहे, धातू चुकीचा आहे, आणि मी हे आधीच सांगितलं होतं. साहेबांनी मान हलवली, चहा घेतला, गाडीत बसले. पुढे काही झालं नाही. मामांना काढलं. मला ऑफिसातून उचलून गेटवर बसवलं, आलेला माल तपासायला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आज नवा पाइप आलाय. कागदपत्रं पाहिली. धातू तोच, साधा. मी होकार दिल्याशिवाय माल उतरत नाही. चीफ इंजिनिअरचा फोन आला, "चालंल म्हन आन् मोकळी हो."

मला काढतील, माहीत आहे. माझ्या जागी दुसरा बसेल, तो चालेल म्हणेल, पाइप लागेल. मी तो अडवू शकत नाही. त्याच्याखाली उद्या कोण उभा असेल, कोण जाणे.

पण माझा आवाज ह्या वेळी अडकला नाही.

"नाही चालणार. आज गेटवर सांगतेय. उद्या कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन."