टँकरमधली चौकडी

लतीफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आरशासमोर मिशीला कलप लावत होतो. पुढच्या महिन्यात नगरला आमच्या चौकडीचा कार्यक्रम, आणि पुढे उभा राहून गाणारा मी. जरा बरं दिसायला नको? फोनवर चौकडीतला पोपट एवढंच म्हणाला, "लत्या गेला रे… झोपेतच." अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी, तसाच मी संगमनेरला पोचलो. एरवी लतीफ हसून आडवा झाला असता. या वेळी तो आडवा होता आणि हसत नव्हता.

लतीफ एका डेअरीत दुधाचे टँकर धुवायचा. आम्ही विशीत होतो तेव्हा चौथ्या मित्रानं, डेव्हिडनं, अमेरिकेतल्या काळ्या गायकांची एक कॅसेट आणली. एकजण पुढे जीव ओतून गातोय, बाकीचे मागून त्याला सांभाळताहेत. शब्द कळत नव्हते, पण आम्ही ती पुन्हा पुन्हा लावायचो. "याला सोल म्हणतात," डेव्हिड म्हणाला, "म्हंजे आत्मा." "मंग दहाव्याला गायाचं का?" पोपटनं विचारलं. ठरलं, असंच गायचं, पण आपल्या मराठी शब्दांत. वाद्यं नव्हती, जागा नव्हती. जागा लतीफनं शोधली : धुऊन वाळत ठेवलेला रिकामा टँकर.

"चपला भाईर काढा, दूध ठिवत्यात हितं," तो दटावायचा. वरच्या तोंडातून आम्ही एकेक आत उतरायचो. त्या गोल तोंडातून उन्हाचा एक खांब खाली आलेला, स्टीलवर आमची वितळलेली तोंडं, सायीचा मंद वास. सूर लावला की तो फिरत फिरत दाट होऊन परत यायचा… वाटायचं, आपण गातच नाही, दुसरंच कुणीतरी आपल्याला गातंय.

घात तिथेच झाला. पहिला कार्यक्रम शेजारच्या अकोले गावात, गणपतीत, उघड्या मैदानात. मी पहिली ओळ सोडली आणि सवयीनं थांबलो, आवाज परत यायची वाट बघत. तिघंही थांबले. आवाज गेला तो डोंगरात गेला. पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "इसरली जनू पोरं!" तेवढ्यात मागून लतीफनं माझी ओळ हळूच परत म्हटली, टँकर म्हणायचा तशी, लांबवत, विरवत… मैदान गप्प झालं. तेव्हापासून आमचा टँकर तोच. नेवाशापर्यंत लग्नं गाजवली, गॅदरिंगं गाजवली. मी पुढे, तो मागे. शेवटी मी दोन्ही हात पसरून वरचा सूर लावायचो, लोक उठून उभे राहायचे, आणि मी मुजरा करायचो. तीनदा.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी आम्ही पोपटच्या घरी तालमीला बसलो. मी हात पसरले, तोंड उघडलं, आणि गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला. पुन्हा लावला. पुन्हा दार. डेव्हिड चष्मा पुसायला लागला.

"शिऱ्या," पोपट म्हणाला, "तुझा त्यो सूर जाऊन लई वर्सं झाली. लत्याच मागनं लावायचा, तुझा त्यात बुडून जायचा. तू निस्ते हात पसरायचा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"त्यानं शपथ घातली हुती. म्हनला, त्याला मुजरा लई आवडतो."

मी आधी हसलो. मग मला तिथं बसवेना, अंगणात जाऊन आलो.

कार्यक्रम रद्द केला नाही. आता डेव्हिड पुढे गातो आणि मी मागे, लतीफच्या जागेवर. तिथून गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही, फक्त पाठ दिसते. काल वरचा सूर जवळ आला तसे डेव्हिडचे खांदे भ्यायल्यासारखे वर चढले. हे लतीफ इतकी वर्षं बघत होता तर… माझ्याकडे वरचा सूर कुठला? मी खालचा धरला, त्याला टेकायला होईल असा, आणि सोडला नाही. खांदे हळूहळू खाली आले. सूर लागला.

गाणं संपल्यावर डेव्हिड वळला, चेहरा फुललेला. "बघितलं का, एका दमात लावला!"

"एका दमात," मी म्हणालो.