दोन कमिट्या आणि एक संमतीपत्र

फायली सांभाळणाऱ्या माणसाजवळ फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मी बारामतीच्या एका एथिक्स कमिटीचं ऑफिस बघतो. डॉक्टरांना माणसांवर संशोधन करायचं असलं, की त्यात कुणावर बळजबरी नाही ना, कुणाला इजा नाही ना, हे ही कमिटी तपासते. इतकी वर्षं झाली, पण तिथली माणसं बघून मी अजून थक्क होतो!

*

आमच्या डॉक्टर साळवे मॅडमना गरोदर बायकांचं रक्त कमी का होतं नि बाळावर त्याचा काय परिणाम होतो, हे शोधायचं होतं. त्यापायी पुण्याची चांगली नोकरी सोडून त्या इकडं आलेल्या. पण पहिल्याच पाहणीत पंचाईत झाली. पहिलटकरणी सातव्या महिन्यानंतर सापडेनात! मॅडम हताश होऊन कमिटीला म्हणाल्या, "पेशंट हरवतात."

कमिटीत डॉक्टर नसलेलाही एक माणूस लागतो. आमचे ते शेळगावचे तात्या, डाळिंबवाले. ते म्हणाले, "हरवत्यात कशाला? पहिलं बाळंतपण माहेरी! माझी लेक जळोचीला दिलीय, बाळंतपणाला शेळगावातच आली. तुमी सासरी हुडकताय व्हय?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "अहो, मीपण माहेरीच गेले होते!"

*

माहेर बऱ्याच जणींचं इंदापूर तालुक्यात, आणि तिकडची कमिटी वेगळी. बाई तीच, बाळ तेच, पण संमतीपत्रं दोन! दोन्हींचं एक झाल्याशिवाय मॅडमचा अभ्यास हलणार नव्हता. शेवटी दोन्ही कमिट्या एकत्र बसल्या.

"आमचा फॉर्म चौदा पानी आहे," आमचे अध्यक्ष म्हणाले.

"आमचा सोळा!" तिकडचे अध्यक्ष.

तात्या म्हणाले, "मग वाचा की मोठ्यानं. बायांनाबी आयकावंच लागंल न्हवं?"

आमच्या अध्यक्षांनी सुरुवात केली. चौथ्या पानावर ते अडखळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे वाक्य मलाच कळलं नाही." आणि ते लिहिलेलं त्यांनीच! एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर हे कबूल करतो, याचंच मला अप्रूप वाटलं. फॉर्म दोन पानांवर आला.

*

नवऱ्याच्या सहीवरून मात्र जुंपली. आम्हाला ती हवी, इंदापूरला नको. "नवऱ्याला न विचारता केलं तर घरात भांडणं लागतील," आमचे म्हणायचे; "कायद्यात तसं नाही," तिकडचे. असं तासभर चाललं. आमच्या शोभा सिस्टर मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत. त्यांनी विचारलं, "सर, रक्त कुणाच्या हातातून घ्यायचं?"

"आईच्या."

"मग सही त्याच हाताची."

अध्यक्षांनी नवऱ्याचा रकाना स्वतःच्या पेनानं खोडला.

*

आणि आता मॅडमच्या दवाखान्यात अभ्यासाचा पहिला दिवस. दोन्ही कमिट्यांचे लोक बाहेर बाकावर, कारण दार उघडं होतं आणि कुणालाच राहवत नव्हतं. आत पहिलीच बाई, पूजा, पहिलटकरीण. मॅडमनी दोन्ही पानं सावकाश वाचून दाखवली. शेवटी होतं, "तुम्ही नाही म्हणालात, तरी तुमच्या तपासणीत काहीही कमी होणार नाही."

पूजानं विचार केला. "न्हाय. मला न्हाय करायचं."

एवढ्या खटपटीनंतर पहिलीच बाई नाही म्हणाली. मॅडमचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि पूजाला टेबलावर झोपवलं. बीपी घेतलं, पायाची सूज बघितली. बाळाचे ठोके तिला ऐकवले, गोळ्या कधी घ्यायच्या ते दोनदा समजावलं. काय खाल्लंस, झोप येते का, सगळं विचारलं. पाऊण तास गेला. बाहेर बायकांची रांग वाढत होती, पण मॅडमनी घाई केली नाही.

पूजा उठली, पदर सावरला, दारापर्यंत आली आणि तिथूनच मागं वळली.

"न्हाय म्हणल्यावरबी तेवढंच बघताय का, ते बघत हुते. आणा तो कागद."